टेबलावरचं एनएमआर घ्यायचं आहे: २०, ६० की ८० मेगाहर्ट्झ? नागपूरचा उन्हाळा धरून सांगा

काळीमाती (प्रश्न, एप्रिलचा दुसरा आठवडा)

नमस्कार मंडळी. मी नागपुरातल्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकवते. आमचा मटेरियल्सचा गट लहान आहे: मी, एक सहकारी आणि पीएचडी करणारे तिघं. चार वर्षं अर्ज केल्यावर एका यंत्रापुरते पैसे मंजूर झालेत. पुढच्या मार्चपर्यंत खरेदी व्हायला हवी. दुसरी संधी लवकर येणार नाही, म्हणून चूक करायची नाही.

आत्तापर्यंत एनएमआरसाठी (चुंबकात ठेवलेल्या अणुकेंद्रकांचा रेडिओ सिग्नल ऐकून पदार्थ तपासायची पद्धत) नमुने बाहेरगावी पाठवत आलो. द्रावणाचा ४०० मेगाहर्ट्झवरचा स्पेक्ट्रम (रेणूची ओळख पटवणारा रेषांचा आलेख; मेगाहर्ट्झ जितके जास्त, तितकं चुंबक जोरदार) आठ-दहा दिवसांत मिळतो. घन नमुन्यांची रांग त्याहून कितीतरी लांब. आणि सिमेंटचा लगदा तर पाठवताच येत नाही. तो वाटेत घट्ट होतो, आणि आम्हाला तो घट्ट होतानाच पाहायचा असतो.

आमची कामं सांगते. कोराडीच्या औष्णिक केंद्रातली राख सिमेंटमध्ये मिसळली की पहिल्या दोन दिवसांत पाणी कुठे जातं, किती छिद्रांत अडकतं, किती मोकळं राहतं, हे एका विद्यार्थिनीचं काम. हिंगण्याच्या एमआयडीसीतले एक लहान उद्योजक रबराचे गॅस्केट करतात. एकाच भट्टीतून निघालेल्या दोन लॉटची ताकद वेगळी का येते, हे त्यांना हवंय. आणि तिसरा विद्यार्थी कॅप्रोलॅक्टोनपासून पॉलीकॅप्रोलॅक्टोन बनवतोय. युरियाच्या दाण्यावर त्याचं आवरण देऊन खत सावकाश सुटावं, असा प्रयत्न आहे. त्याला दर अर्ध्या तासाने किती मोनोमर (साखळीत न जोडलेला कच्चा रेणू) उरला ते पाहायचं असतं. सहकाऱ्याला सोडियम बॅटरीच्या इलेक्ट्रोलाइटमध्ये रस आहे, पण ते अजून सुरू व्हायचंय.

दोन विक्रेते येऊन गेले. एक म्हणतात, ८० घ्या, सगळं होतं, "घन नमुनेही चालतात." दुसरे म्हणतात, तुमच्या कामाला २० मेगाहर्ट्झचं रिलॅक्सेशनचं (सिग्नल विझण्याचा वेग मोजणारं) यंत्र पुरे. २० हा आकडा ऐकून आमचे विभागप्रमुख म्हणाले, ४०० च्या जमान्यात २० कशासाठी? त्यांना काय उत्तर द्यावं ते मला नीट सुचलं नाही.

खोली दुसऱ्या मजल्यावर आहे, खिडकी पश्चिमेला, एक एसी. मे महिन्यात दुपारी अर्धा-पाऊण तास वीज जाते. ज्यांनी असं यंत्र रोज वापरलंय त्यांनी कृपया लिहा. माहितीपत्रकं माझ्याकडे ढीगभर आहेत.

शिमवाला

मॅडम, माझी बावीस वर्षं एनएमआरच्या खोलीत गेली. आधी द्रव हेलियमवरचं मोठं यंत्र सांभाळलं, शेवटची सहा वर्षं टेबलावरची दोन, आणि तीही नागपुरातच. तुमचा प्रश्न मला फार जवळचा आहे, म्हणून लांब लिहितो.

तुमचे दोन विक्रेते दोन वेगळी यंत्रं विकताहेत आणि दोघंही त्याला एनएमआरच म्हणतात. घोळ तिथून सुरू होतो. २० मेगाहर्ट्झच्या यंत्रात साधारण ०.४७ टेस्लाचं चुंबक असतं. ते रेणूची ओळख पटवत नाही. प्रोटॉनचा सिग्नल किती वेगाने विझतो एवढंच मोजतं. घट्ट जखडलेला प्रोटॉन काही मायक्रोसेकंदांत विझतो, मोकळ्या पाण्यातला सेकंदभरसुद्धा टिकतो. म्हणजे पदार्थात कोण किती हलू शकतं, हे त्यातून कळतं. ६० मेगाहर्ट्झला १.४ टेस्ला लागतो, ८० ला जवळपास १.९. ही यंत्रं स्पेक्ट्रम देतात, आणि त्यासाठी चुंबकक्षेत्र अतिशय एकसारखं लागतं. ६० मेगाहर्ट्झवर अर्ध्या हर्ट्झची रेष हवी असेल, तर नमुन्याच्या जागेत बारा कोटींत एक भाग इतकाच फरक चालतो. कायमच्या चुंबकांचे तुकडे कड्यात मांडून हे साधतात. ती मांडणी क्लाउस हालबाख यांच्या नावाने ओळखली जाते, त्यांनी ती कणत्वरकांच्या चुंबकांसाठी वापरली होती. हेलियम नाही, नायट्रोजन नाही, एका मजबूत टेबलावर मावतं. ज्याने हेलियमचा टँकर वेळेवर यावा म्हणून रात्री जागून काढल्यात, त्याला ही सोय काय आहे ते समजतं.

आता "घन नमुनेही चालतात" याबद्दल. घनामध्ये शेजारचे प्रोटॉन एकमेकांना जे ओढतात, त्याने रेष हजारो हर्ट्झ पसरते, कधी दहा-दहा हजार. तुमचा ६० मेगाहर्ट्झचा दहा पीपीएमचा (पीपीएम म्हणजे दहा लाखांत एक भाग) सगळा स्पेक्ट्रम मिळून ६०० हर्ट्झचा. त्यात काय दिसणार? मोठ्या यंत्रात नमुना ५४.७ अंशांत तिरपा धरून सेकंदाला हजारो फेऱ्यांनी फिरवतात, तेव्हा रेषा अरुंद होतात. विकायला असलेल्या या ६०-८० च्या यंत्रांत ती सोय मी पाहिलेली नाही. घन नमुना आत जातो, सिग्नल येतो, पण त्यातून स्पेक्ट्रम वाचता येत नाही. विक्रेत्याला सरळ विचारा: माझ्या रबराच्या तुकड्याचा स्पेक्ट्रम काढून दाखवता का?

राखेच्या सिमेंटसाठी २० मेगाहर्ट्झ हीच योग्य निवड आहे. तुमच्या विभागप्रमुखांना हे जरूर सांगा. राखेत लोह असतं, त्याचा काही भाग चुंबकाला चिकटतोसुद्धा. छिद्राच्या भिंती आणि आतलं पाणी यांच्या चुंबकीय गुणात फरक असतो, त्यामुळे प्रत्येक छिद्राच्या आत स्वतःचं एक वाकडंतिकडं क्षेत्र तयार होतं. बाहेरचं क्षेत्र जितकं मोठं, तितकं हे आतलं वाकडेपण मोठं. म्हणून अशा नमुन्याला ८० वर नेलं तर पाणी सिग्नल लवकर गमावतं आणि छिद्राचा आकार चुकीचा निघतो. पांढऱ्या सिमेंटच्या लगद्यात, कमी क्षेत्रावर, थरांमधलं पाणी शंभरेक मायक्रोसेकंदांत विझतं, जेलच्या छिद्रांतलं तीन-चारशेत, आणि मोठ्या छिद्रांतलं मिलिसेकंदांमध्ये. तुमच्या राखेत हे आकडे लोहामुळे आणखी खाली येतील. म्हणून यंत्राचा डेड टाइम (पल्सनंतर यंत्राला काही ऐकू येत नाही तो वेळ) किती, सीपीएमजीत (पल्सची माळ देऊन सिग्नलचे एको पुन्हापुन्हा मोजायची पद्धत) दोन एकोंमधलं अंतर किती खाली नेता येतं, हे दोन आकडे लेखी घ्या. मेगाहर्ट्झपेक्षा तुम्हाला हेच जास्त उपयोगी पडतील.

यावर एक तपासणी आहे, ती मी प्रत्येक विद्यार्थ्याला करायला लावायचो. ट्यूबमध्ये किती पाणी घातलं ते तोलून माहीत असतं. पहिल्या क्षणाच्या सिग्नलवरून तेवढंच पाणी परत मिळतं का ते बघायचं. कमी भरलं तर काहीतरी तुमच्या हातून निसटतंय: एकतर डेड टाइममध्ये विझलं, नाहीतर घनात बसलं. हा पाण्याचा हिशेब न लावता छिद्रांच्या आकाराचे सुंदर आलेख काढलेले मी पाहिलेत, आणि मला फार वाईट वाटतं.

रबरालाही २० च. जाळं जितकं दाट, तितके साखळीचे तुकडे कमी हलतात आणि टी-टू (सिग्नल विझायला लागणारा वेळ) घटतो. डबल क्वांटमचा प्रयोग (शेजारच्या प्रोटॉनमधली ओढ मोजणारा) करता आला तर साखळ्यांमधल्या जोडांचं प्रमाण जास्त खात्रीने मिळतं. फक्त मोजमाप ६० ते ८० अंशांवर करा, म्हणजे रबर आपल्या काचसंक्रमणाच्या (ज्या तापमानाखाली ते काचेसारखं कडक होतं) पुष्कळ वर असेल आणि दोन लॉटमधला फरक जाळ्याचाच असेल. यासाठी नमुन्याचं तापमान बदलणारा प्रोब (कॉइलसह नमुना बसतो तो भाग) वेगळा मागावा लागतो. आखेनमध्ये बर्नहार्ड ब्ल्यूमिश यांच्या गटाने १९९० च्या दशकात एका बाजूने टेकवायचं लहान एनएमआर केलं होतं, टायर न कापता तपासण्यासाठी. तुमच्या उद्योजकांना हे सांगा, त्यांना नक्की आवडेल.

पॉलीकॅप्रोलॅक्टोन हा खरा स्पेक्ट्रमचा प्रश्न. मोनोमरचा ऑक्सिजनशेजारचा सीएच-टू ४.२३ पीपीएमच्या आसपास, पॉलिमरचा ४.०६ ला. फरक ०.१७. चारशेवर हे अंतर ६८ हर्ट्झ, ६० वर फक्त दहा. पण कपलिंग (शेजारच्या प्रोटॉनमुळे फाटलेल्या रेषांमधलं अंतर) सात हर्ट्झचं ते सातच राहतं, क्षेत्राबरोबर घटत नाही. म्हणजे दोन्ही ट्रिपलेट (तीन रेषांचे गट) एकमेकांवर चढतात. कार्बोनिलशेजारची जोडी बघा: २.६४ आणि २.३१. तिथे ६० वर वीस हर्ट्झ मिळतात, ८० वर सव्वीस. पायथे जवळ येतील, पण फिटिंगने काम होईल. आमच्या आधीच्या पिढीने १९६१ च्या व्हेरियन ए-६० वर, याच ६० मेगाहर्ट्झवर, रसायनशास्त्राचा केवढा डोंगर उभा केला. एकमेकांकडे झुकलेली ती छपरासारखी पीकं (स्पेक्ट्रममधली टोकं) वाचायला मुलांना पुन्हा शिकवावं लागेल, आणि ते शिकलेलं वाया जात नाही.

संवेदनशीलतेचंही सांगून ठेवतो. सिग्नल आणि नॉइजचं गुणोत्तर क्षेत्राच्या साधारण दीड घाताने वाढतं. ४०० च्या तुलनेत ६० वर ते सतरा पटींनी कमी, म्हणजे तेवढीच गुणवत्ता हवी तर सुमारे तीनशे पट वेळ. प्रोटॉनला हे खपतं, कारण तुमचा नमुना दाट असतो. कार्बन-१३ निसर्गात १.१ टक्काच, तिथे धीर धरावा लागतो.

आणि खोली. मॅडम, खरं दुखणं इथे आहे. निओडिमियमचं चुंबक एका अंशाला साधारण ०.११ टक्के उतरतं. ६० मेगाहर्ट्झवर त्याचे ६६ हजार हर्ट्झ झाले! अंशाच्या हजाराव्या भागाने ६६ हर्ट्झ. म्हणून चुंबक खोलीपेक्षा थोडं गरम, एका तापमानावर धरून ठेवतात. पण आत फक्त हीटर असतो, तो गरम करू शकतो, थंड नाही. मे महिन्यात वीज गेली, खोली त्या तापमानाच्या वर गेली, की नियंत्रण सुटलं. पन्नास-साठ किलोचा तो लोहगोळा परत जागेवर यायला रात्र जाते, आणि मग शिम (क्षेत्र एकसारखं करायची बारीक जुळवणी) पुन्हा. आमच्या पहिल्या उन्हाळ्यात आम्ही आठवड्यात दोनच दिवस धड मोजू शकलो. यंत्राला यूपीएस होता, एसीला नव्हता. इतकी साधी गोष्ट आमच्या लक्षात आली नव्हती.

यंत्र ठरवण्याआधी खोली ठरवा. तापमान नोंदवणारा लहानसा लॉगर आणून मे महिन्यात दोन आठवडे तिथे ठेवा. कूलरवर चालणाऱ्या खोलीचा विचारच नको. तापमान दिवसभर हलतं आणि दमट हवेत तुमचे पाणी शोषणारे नमुने बदलतात. एसीला जनरेटरची लाइन मिळत नसेल तर ती आधी मिळवा.

धागा_बुटीबोरी

ताई, मी कारखान्यातला माणूस आहे, संशोधनातला नाही. पण २० मेगाहर्ट्झवर आमची पाळी रोज चालते, म्हणून सांगून राहिलो.

पॉलिस्टरच्या धाग्यावर तेलासारखं फिनिश असतं, अर्धा-एक टक्का. कमी पडलं तर धागा तुटतो, जास्त झालं तर पुढच्या यंत्रावर साचतं. पूर्वी सॉल्व्हेंटने धुवून, वाळवून, तोलून काढायचो, त्यात अर्धी पाळी जायची. आता दोन-तीन ग्रॅम धागा गुंडाळून ट्यूबमध्ये दाबायचा, मिनिटाच्या आत आकडा. घन पॉलिमरचा सिग्नल काही दहा मायक्रोसेकंदांत संपतो, तेलाचा राहतो. उरलेला तो तेलाचा. वरच्या सरांनी जे सांगितलं त्याचंच हे रोजचं रूप.

आमच्या यंत्राचं चुंबक ४० अंशांवर असतं. नागपुरात हे फार उपयोगाचं पडलं. एसी बंद पडला तरी बंद खोली ४० च्या वर जायला वेळ लागतो. तुम्ही विक्रेत्याला चुंबकाचं तापमान नक्की विचारा, ६०-८० वाल्यालाही. पण त्याची दुसरी बाजू अशी की नमुना २४ अंशांच्या खोलीतून थेट आत टाकला की पहिला आकडा चुकतो. आम्ही ट्यूबा आधी चाळीस अंशांच्या ठोकळ्यात वीस मिनिटं ठेवतो. नवीन मुलगा आला की हेच विसरतो आणि मग दिवसभर आम्ही धाग्यात दोष शोधत बसतो. तुमचा सिमेंटचा लगदा चाळीसवर ठेवला तर तो लवकर घट्ट होईल, याचा विचार करा.

कॅलिब्रेशनबद्दल एक. फिनिश पुरवणाऱ्याने मिश्रण बदललं आणि आम्हाला सांगितलं नाही. आकडे सगळे एका दिशेला सरकले. यंत्र बरोबर होतं, पण त्याला हायड्रोजन मोजता येतो, टक्के आपण शिकवलेले असतात. तेव्हापासून बंद केलेल्या तीन ट्यूबा रोज सकाळी आधी मोजतो आणि वहीत लिहितो. ती वही मी कुणाला उचलू देत नाही.

आणि एक सुचवतो. आपल्याकडे सरकीचा एवढा व्यवहार आहे. तेलबियांतलं तेल आणि पाणी एकाच वेळी मोजायची पद्धत आयएसओ १०५६५ मध्ये आहे, चरबीतल्या घन भागासाठी आयएसओ ८२९२ आहे. दोन्ही याच यंत्रावर होतात. बाहेरचे नमुने घेतले तर तुमचा देखभालीचा खर्च निघेल.

सोडियम२३

मॅडम, तुमच्या सहकाऱ्यांच्या वतीने बोलतो, मी इलेक्ट्रोलाइटवरच काम करतो.

तिथे ६० किंवा ८० चं यंत्र चांगलं चालतं, कारण फ्लोरीन. निसर्गातला सगळा फ्लोरीन १९ च असतो, सिग्नल प्रोटॉनच्या जवळपास जातो, आणि त्याची शिफ्ट (स्पेक्ट्रमवरची रेषेची जागा) शेकडो पीपीएमवर पसरलेली असते. कमी क्षेत्राचं दुःख तिथे जाणवत नाही. हेक्झाफ्लोरोफॉस्फेटचं (इलेक्ट्रोलाइटमधल्या मिठाचं) डबलेट, म्हणजे रेषांची जोडी, ७१० हर्ट्झच्या आसपास फाटलेलं असतं, ते कुठेही ओळखू येतं. बाटलीत ओलावा शिरला की शेजारी नवीन डबलेट उगवतं, ९३० हर्ट्झच्या आसपासचं, डायफ्लोरोफॉस्फेटचं. नागपूरच्या जुलैत मी ते एका रात्रीत येताना पाहिलंय. ग्लोव्हबॉक्समधून बाहेर काढलेली ट्यूब नीट बंद नव्हती, एवढंच कारण. अशा नमुन्यात एचएफ (हायड्रोजन फ्लोराइड) तयार होतं आणि काच खातं, म्हणून काचेच्या ट्यूबमध्ये फ्लोरोपॉलिमरची आतली नळी घाला. ट्यूब फुटून यंत्राच्या आत गेली तर काय होईल ते सांगायला नको.

सोडियमचं वेगळं. ६० च्या यंत्रावर तो १६ मेगाहर्ट्झच्या आसपास बोलतो आणि त्याचं केंद्रक क्वाड्रुपोलर आहे, रेष स्वभावतःच रुंद. बऱ्याच यंत्रांत प्रोटॉन आणि आणखी एकच केंद्रक कारखान्यातच पक्कं केलेलं असतं. तुम्ही फ्लोरीनचं घेतलं आणि उद्या सोडियम मागितला तर मिळणार नाही. ब्रॉडबँड (अनेक केंद्रकांवर जुळवता येणारा) प्रोब हवा, आणि तो पहिल्या दिवशीच मागा.

आयन किती वेगाने सरकतात हे हवं असेल तर ग्रेडियंट कॉइल (चुंबकक्षेत्राला मुद्दाम उतार देणारी) लागते. तिचा जोर कोटेशनमध्ये आकड्याने लिहून घ्या. नुसतं "डिफ्यूजन शक्य" असं लिहिलेलं घट्ट इलेक्ट्रोलाइटला उपयोगी नाही.

काळीमाती

तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार. शिमवाला सर, अंतर्गत क्षेत्राचा मुद्दा मी विभागप्रमुखांना फळ्यावर काढून दाखवला. ते बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले, असं असेल तर २० च का नाही? मला खूप बरं वाटलं.

एक शंका. दोन यंत्रांचे पैसे नाहीत. पॉलीकॅप्रोलॅक्टोन आणि इलेक्ट्रोलाइट यांना ६० हवं, सिमेंट आणि रबर यांना २०. ८० च्या यंत्रावरही टी-टू मोजता येतो, असं विक्रेते पुन्हा सांगताहेत. मग एकाच यंत्रात दोन्ही का नको?

शिमवाला

मोजता येतो, ते खोटं बोलत नाहीत. पण ती ट्यूब ५ मिलिमीटरची, इलेक्ट्रॉनिक्स शांत द्रावणासाठी घडवलेलं. पहिले काही दहा मायक्रोसेकंद हातून जातात आणि तुमच्या कामाचं पाणी नेमकं तिथेच असतं. माझं ऐकाल तर तुमचा सगळ्यात त्रासदायक नमुना घेऊन दोन्हीकडे जा. विक्रेत्याचा नमुना नको, तुमचाच. अठ्ठेचाळीस तासांचा, राखेचा, लोहासकट. ट्यूब घट्ट बंद करून न्या. राखेचा चुंबकीय कण आत चुंबकाला चिकटला तर तो काढणं फार अवघड जातं, आणि तो तिथे असेपर्यंत शिम जुळत नाही.

स्पेक्ट्रमचं यंत्र बघाल तेव्हा दोन आकडे विचारा. रेषेची रुंदी अर्ध्या उंचीवर सगळेच सांगतात. ०.५५ टक्के उंचीवर किती, ते मागा. ती उंची कार्बन-१३ च्या उपग्रह रेषांची (मुख्य रेषेच्या दोन्ही बाजूंना येणाऱ्या लहान रेषांची) असते. पायथा तिथे रुंद असेल तर लहान पीक मोठ्याच्या पायाशी बुडतं, आणि उरलेला थोडासा मोनोमर मोजायचा म्हणजे नेमकं तेच. दुसरं, सिग्नल आणि नॉइजचं गुणोत्तर. टेबलावरच्या यंत्रांत ते १ टक्का इथाइलबेंझीनवर देतात, मोठ्या यंत्रांत ०.१ टक्क्यावर. दोन्ही आकडे शेजारी ठेवून तुलना करणारी तुलनापत्रकं मी खरेदी समितीत पाहिलीत, आणि ती तशीच मंजूर झाली होती.

काळीमाती (जूनचा पहिला आठवडा)

उशिरा लिहितेय, पण हातात आता आकडे आहेत.

लॉगर मे महिन्यात सोळा दिवस ठेवला. दुसऱ्या मजल्यावरच्या खोलीत एसी चालू असताना २४ ते २६. एका मंगळवारी दुपारी तीन वाजता वीज गेली, पन्नास मिनिटांनी आली, तोवर खोली ३४ ला पोचली होती. नंतर तोच लॉगर तळमजल्यावर जिन्याखालच्या आतल्या खोलीत ठेवला. तिथे खिडकी नाही, जुन्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे पडलेले. तेवढाच वेळ वीज गेली आणि तापमान दोनच अंश वर गेलं. ती खोली मागितली. गठ्ठे हलवायला तीन अर्ज लागले, पण मिळाली. जनरेटरची लाइन त्याच भिंतीमागून जाते, हे कळलं तेव्हा आम्हाला फार आनंद झाला.

नमुने घेऊन दोन्हीकडे जाऊन आलो. विद्यार्थिनीने लगदा तिथेच कालवला, कारण पहिले तास हवे होते. २० मेगाहर्ट्झवर रात्रभर दर दहा मिनिटांनी मोजलं. लांब टी-टूचा भाग सातव्या तासापासून उतरायला लागला आणि आखूड भाग त्याच्याबरोबर चढत गेला. पाण्याचा हिशेब पहिल्या सहा तासांत तोललेल्या आकड्याशी जवळजवळ तंतोतंत जुळला. सकाळी थोडा कमी भरला, ते पाणी घनात बसलं असणार. सॉलिड एकोने (घनातला लवकर विझणारा सिग्नल परत मिळवायची पद्धत) मोजल्यावर त्यातलं बरंच परत सापडलं. ती मुलगी पहाटे चारला मला फोन करून म्हणाली, "मॅडम, पाणी सापडलं." तिच्या दीड वर्षाच्या कामात हे पहिल्यांदाच झालं.

तोच लगदा, अठ्ठेचाळीस तासांचा, ८० च्या यंत्रावर ठेवला तेव्हा तोललेल्या पाण्यापैकी निम्म्याहून कमी दिसलं. विक्रेत्याचे अभियंते प्रामाणिक होते. त्यांनी स्वतःच सांगितलं की या नमुन्याला आमचं यंत्र नको.

पॉलीकॅप्रोलॅक्टोनचा जो नमुना ४०० वर ४० टक्के रूपांतरित निघाला होता, तो २.६४ आणि २.३१ च्या जोडीवरून ६० वर ४३ आला, ८० वर ४१. ४.२ च्या बाजूला ६० वर खरंच काही वेगळं करता येत नव्हतं. दर अर्ध्या तासाच्या पाठपुराव्याला ४३ सुद्धा चालला असता. पण एकच घ्यायचं तर जे काम बाहेर पाठवता येतच नाही त्याला यंत्र द्यायचं, असं आम्ही ठरवलं. पॉलिमरची ट्यूब कुरिअरने जाते, लगदा जात नाही. सहकाऱ्यांना वाईट वाटलं आणि ते साहजिक आहे. त्यांच्यासाठी रसायनशास्त्र विभागाबरोबर ६० च्या ब्रॉडबँडचा वेगळा प्रस्ताव याच आठवड्यात लिहायला घेतलाय. त्यात सोडियम२३ यांनी सांगितलेला ग्रेडियंटचा आकडा घालणार आहे.

आता निविदेत लिहायला एक गोष्ट राहिली. धागा भाऊ आणि सर, प्रोब १० मिलिमीटरचा की १८ चा? नमुना-तापमान दोन्हींत मिळतंय. चुंबक ४० अंशांवर असलं तरी लगदा २५ वर धरता येईल, असं त्यांनी लिहून दिलंय.

धागा_बुटीबोरी

ताई, आम्हाला धागा फुगीर असतो म्हणून मोठा लागतो. तुम्हाला काय करायचा?

शिमवाला

१० चा. कॉइल लहान, पल्स आखूड, डेड टाइम कमी. रबराची पट्टीही त्यात मावते. निविदेत डेड टाइम "प्रोबसह" असा शब्द घाला, नाहीतर नुसत्या रिसीव्हरचा आकडा देतील. आणि त्या मुलीला सांगा, पहिल्या दिवसापासून धागा भाऊंसारखी वही ठेव.